रणरणत्या उन्हात गुलाब: माना टाकल्या की पाइप उचलू नका

दुपारी दोन वाजता गुलाबाचे कोवळे शेंडे माना टाकतात आणि आपण पाइप घेऊन धावतो. पाण्याचं शेवटी सविस्तर सांगतो, आधी बाकीची कामं उरकून घेऊ.

१. सावली. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन अडवा, सकाळचं राहू द्या. शेडनेट (सावलीची जाळी) ३५ ते ५० टक्के ऊन अडवणारं पुरे. त्याहून दाट लावलंत तर फांद्या लांबतील, कळ्या धरणार नाहीत.

२. आच्छादन. वाळका पाला किंवा पेंढा, २ ते ३ इंच. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी.

३. कुंडी. तापलेल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवा. काळी प्लास्टिकची असेल तर मोठ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत पाला भरा, नाहीतर कडेची मुळं भाजून निघतात.

४. छाटणी आणि खत. दोन्ही बंद. वाळली फुलं तेवढी खुडा. फुलं लहान आली, पाकळ्या कमी भरल्या म्हणून खताची मूठ टाकायचा मोह होतो. ती उन्हाची करामत आहे, उपासमार नव्हे. तापल्या मातीत रासायनिक खत पडलं की पानांच्या कडा करपतात.

५. पाणी. एका उन्हाळ्यात माझा कुंडीतला लाल गुलाब रोज दुपारी मलूल व्हायचा. मी दिवसातून तीनदा पाणी घालत होतो. आठ-दहा दिवसांत खालची पानं पिवळी पडून गळली. मी पाणी आणखी वाढवलं! शेवटी कुंडी उपडी केली, तर मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून हातात येणारी, आणि मातीला गटाराचा वास. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मेलं होतं. मातीत हवाच उरली नाही की मुळं गुदमरतात, पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड सुकल्यासारखंच दिसतं.

दुपारचं मलूलपण बहुतेक वेळा नुसतं तेवढ्यापुरतं असतं. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना त्या वेळी पुरवता येत नाही. ऊन उतरलं की शेंडे आपोआप उभे राहतात. म्हणून निर्णय दुपारी घ्यायचाच नाही. सकाळी उठून बघा. सकाळीही मान खाली असेल तर बोट मातीत दोन पेरं घाला. आत कोरडं लागलं तर पाणी, गार ओलसर लागलं तर थांबा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, तीच अवस्था आपल्याला हवी. सकाळी मान खाली आणि माती चिंब असेल तर मात्र पाणी थांबवून आधी निचऱ्याचं भोक तपासा.

द्यायचं तेव्हा पहाटे, आळं भरून, सावकाश. रोज वरवर शिंपडलंत तर मुळं वरच्या तापत्या थरातच घुटमळतात. कुंडीतली माती फार वाळली की कडेपासून सुटते. मग पाणी फटीतून सरळ खाली वाहतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी थोडं घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. पाइपातलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसत असेल तर गार येईपर्यंत बाजूला सोडा. कुंडीत बर्फाचे खडे टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ते सरबतात टाका.

रात्री पानं भिजवू नका, काळे ठिपके पडतात. अपवाद एकच: पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड; त्याला कोरडी गरम हवा मानवते. सकाळी लवकर पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. कडुनिंबाचं तेल भर उन्हात मारलंत तर कोळ्याआधी पानंच जळतील.