मोडलेल्या बोटाची पकड परत आणताना

स्प्लिंट निघालं त्या दिवशी मी मूठ वळून पाहिली. उजव्या हाताची तीन बोटं तळव्याला टेकली. मुळाचं पेर मोडलेली अनामिका मात्र अधांतरी राहिली. घाबरून मी कडक स्प्रिंगचा ग्रिपर दाबत सुटले आणि दोन दिवसांत बोट सुजून टम्म झालं. तुम्ही असं करू नका. आधी बोट वळू द्या, जोर नंतर.

हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरुवात करा. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शिवलेलं असेल तर जोराचं काम बहुधा 12 आठवड्यांपर्यंत वर्ज्य असतं. तिथे थेरपिस्ट सांगेल तेवढंच.

बोटाला वळवणारे मोठे स्नायू बोटात नसतात, कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. तिथून दोरीसारखे टेंडन बोटापर्यंत येतात आणि दुखापतीनंतर ते आजूबाजूला चिकटतात. ते मोकळे करायला हात 5 मिनिटं कोमट पाण्यात धरा. मग बोटं सरळ करा. आता मुळाचे सांधे सरळच ठेवून वरची दोन पेरं आकड्यासारखी, म्हणजे हुकासारखी, वाकवा. मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. आकडा कंटाळवाणा वाटतो, पण तो गाळू नका: बोटातले दोन टेंडन एकमेकांवरून सर्वांत जास्त सरकतात ते याच स्थितीत.

बोट बऱ्यापैकी वळायला लागलं की ओला स्पंज पिळा, 5 सेकंद दाबून हळूच सोडा. नंतर ओला टॉवेल. मनगट किंचित मागे झुकलेलं हवं; पुढे वाकवलंत तर मूठ आपोआप ढिली पडते, आत्ताच करून पाहा. करंगळीला आराम देऊ नका, घट्ट पकडीत तिचा आणि अनामिकेचा वाटा मोठा असतो. बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडायचीही सवय ठेवा.

किती करायचं हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. ठणका किंवा सूज उरली असेल तर निम्मं करा. मुंग्या, बधिरपणा, लाली दिसली किंवा बोट एकाएकी वळेनासं झालं तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

मी दर रविवारी नख आणि तळव्यातलं अंतर पट्टीनं मोजायचे. पहिल्या रविवारी 38 मिमी होतं, अकराव्या रविवारी 4. ते 4 अजून उरलेत, म्हणून सकाळचा आकड्याचा व्यायाम चालू आहे.