दाराजवळचा बिलांचा डबा आधी उचला

मोठ्या दुकानाचा फ्लोअर नुकताच तुमच्या हाती आला असेल, तर पहिल्याच दिवशी एक काम करा. बाहेरच्या दाराजवळ लोकांनी बिलं टाकावीत म्हणून ठेवलेला डबा उचला आणि कॅशियरच्या पायाशी ठेवा. मुंबईत कपड्यांच्या आणि किराण्याच्या मोठ्या दुकानांत माझी 19 वर्षं गेली. आधी कॅशवर होते, आता नुकसान रोखायचं काम बघते. ट्रायल रूममधून जितका माल गेला, त्याहून जास्त मी रिटर्न काउंटरवरून जाताना पाहिलाय.

मालाडच्या दुकानातली गोष्ट. एक मुलगा 2,499 रुपयांची जीन्स परत करायला आला. बिल खरं, तारीख त्याच दिवसाची, टॅग शाबूत. कॅशियरने रोख पैसे दिले. रात्री मोजणीत त्याच साइझची एक जीन्स कमी भरली. कॅमेरा मागे नेऊन बघितला तर हा आत शिरला तो रिकाम्या हाताने. डब्यातून कुणाचं तरी बिल उचललं, रॅकवरून तीच जीन्स काढली आणि आमचाच माल आम्हाला विकून गेला. तेव्हापासून नव्या मुलींना मी सांगते, टाकलेलं बिल म्हणजे जमिनीवर पडलेली नोट.

यावरचा उपाय स्वस्त आहे. माल परत करायला आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीवर सिक्युरिटीने दारातच स्टिकर लावायचं. रंग रोज बदलायचा आणि तो सकाळी दुकान उघडताना ठरवायचा, आदल्या रात्री नाही. स्टिकर नसलेला माल काउंटरवर आला, तर कॅमेरा बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पैसे आले त्याच वाटेने परत जातील: यूपीआयचे यूपीआयवर, कार्डाचे कार्डावर. बिल नसेल तर फक्त क्रेडिट नोट, तीही मोबाइल नंबर नोंदवून.

खोकं परत आलं तर गिऱ्हाइकासमोर उघडा. इस्त्री, मिक्सर, इअरफोन यांचा सिरियल नंबर विकतानाच बिलावर छापून घ्या, म्हणजे जुनी वस्तू नव्या खोक्यात घालून कुणी आणली तरी नंबर जुळणार नाही. नवरात्र संपली की घातलेले घागरे परत येतात. त्यासाठी महागड्या कपड्याला समोर, छातीवर दिसेल असा रिटर्न टॅग लावा आणि तो काढला तर कपडा परत घेणार नाही, हे विकतानाच सांगा. नंतर काउंटरवर वाद घालून बाईमाणसाचा अपमान करण्यापेक्षा हे बरं.

आता घरातली चोरी. यावर लिहिताना मला अजूनही जड जातं, कारण त्या मुलीला बिलिंग मी शिकवलं होतं. रात्री सव्वानऊ ते पावणेदहाच्या मधे तिच्या काउंटरवर चार रिटर्न पडायचे. दिवसा रोखीने झालेल्या बिलांची रिफंड एंट्री ती गिऱ्हाईक गेल्यावर मारायची आणि तेवढी रोकड खिशात घालायची. कोणत्याच कॅमेऱ्यात गिऱ्हाईक नव्हतं, हाच पुरावा ठरला. म्हणून रिफंडसाठी दुसऱ्या माणसाचा पासवर्ड हवाच, आणि तो पासवर्ड कॅशियरला कधीही सांगू नका, दिवाळीच्या गर्दीतसुद्धा. रोज सकाळी कालचे रिटर्न आणि व्हॉइड, म्हणजे रद्द केलेली बिलं, कॅशियरवार काढा. त्यातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना फोन करून ‘रिटर्नला काही त्रास झाला का?’ एवढंच विचारा. एकच मोबाइल नंबर अनेक बिलांवर खरेदीचे बक्षीस पॉइंट गोळा करताना दिसला, तर तो नंबर कुणाचा हे तपासा. कॅशवरचा कॅमेरा चेहऱ्यावर नाही, हातांवर आणि ड्रॉवरवर रोखा. त्याचं घड्याळ बिलिंगच्या घड्याळाशी जुळवा. संशय आला की क्लिप त्याच दिवशी वेगळी काढून ठेवा. जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं.

दारातलं सिक्युरिटी गेट, म्हणजे टॅग न काढलेला माल बाहेर नेला की वाजणारं, वाजत नसेल तर ते नुसतं फर्निचर आहे. रोज सकाळी एक टॅग घोट्याजवळ, कमरेजवळ आणि खांद्याजवळ धरून प्रत्येक गेटमधून चालत जा. दुसऱ्या दुकानातून आलेल्या मालाकडे नीट बघा. 58 किलोहर्ट्‌झच्या गेटला 8.2 मेगाहर्ट्‌झचा टॅग कळतच नाही. आतून फॉइल लावलेली पिशवी टॅग लपवते, तेव्हा माणसाची नजरही लागतेच. पावसाळ्यात छत्र्या दारातच टोकन देऊन ठेवून घ्या. बंद छत्रीत ब्लेडची पाकिटं आणि चॉकलेटं सहज उतरतात. ब्लेड, तूप, सुका मेवा, परफ्यूम अशा 20 वस्तू निवडून रोज मोजा. वर्षातून एकदाच मोजलं, तर चोरी कोणत्या महिन्यात झाली हेही कळत नाही.

माणूस थांबवायचा कधी? उचलताना पाहिलं, लपवताना पाहिलं, मधे नजर हटली नाही आणि पैसे न देता तो शेवटचं काउंटर ओलांडून गेला, तेव्हाच. यातलं एक जरी राहिलं तरी जाऊ द्या. कपडे, भाषा, पायातली चप्पल बघून कुणाच्या मागे लागू नका. मी पकडलेल्यांत गाडीतून आलेले पुष्कळ होते. ‘ताई, एक वस्तू बिलात यायची राहिली वाटतं,’ एवढंच म्हणा. निम्म्याहून जास्त वेळा वस्तू तिथेच हातात येते. बाईशी महिला सिक्युरिटीनेच बोलायचं. अंगाला हात लावायचा नाही, स्टोअररूममध्ये कोंडायचं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत 5,000 रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे, त्यामुळे तिथे तुम्ही स्वतः अटक करू शकत नाही आणि कोंडून ठेवल्याचा गुन्हा उलट तुमच्यावर येतो. मोठी चोरी डोळ्यांदेखत झाली, तरी पकडलेल्याला विनाविलंब, उशिरात उशिरा 6 तासांच्या आत, पोलिसांकडे सोपवावं लागतं.

रात्री स्टाफच्या बॅगा तपासायच्याच, पण गिऱ्हाइकांसमोर नाही. मी सेल्सगर्ल असताना दारात सगळ्यांदेखत माझा डबा उघडायला लावला होता, ते मी विसरलेले नाही. विरारची गाडी पकडायची असते, म्हणून रांग दहा मिनिटांत संपली पाहिजे. आमच्याकडे पहिली बॅग मॅनेजरची असते, दुसरी माझी. मग बाकीच्या मुली टेबलापाशी येतात.