छातीत पाणी झालंय पण कारण कळत नाहीये: एक्स-रे, सोनो की सीटी, आधी काय?

नवीन इंटर्न आणि हाऊस पोस्टला लागलेली मुलं मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात, मॅडम, इफ्युजन (म्हणजे छातीत साठलेलं पाणी) आहे, सीटीला पाठवू का? मी ठाण्यात रेसिडेन्सी केली, आता वाशीत चेस्ट ओपीडी बघते, आणि दरवेळी मी आधी उलट विचारते की सीटीत तुला नक्की काय बघायचंय. उत्तर देता आलं की कुठली तपासणी करायची ते बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नातेवाईक म्हणतात फुफ्फुसात पाणी झालंय, पण पाणी फुफ्फुसाच्या आत नसतं, फुफ्फुसावरचं आवरण आणि छातीच्या भिंतीला आतून चिकटलेलं आवरण यांच्या मधे साठलेलं असतं. म्हणजे आपल्याला फुफ्फुसाइतकंच ते आवरण पण बघायचंय, आणि हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं.

एक्स-रे सगळ्यांचा होतोच. उभ्याने काढलेल्या पीए फिल्ममध्ये (पाठीकडून समोर किरण सोडून काढलेला नेहमीचा एक्स-रे) फुफ्फुसाचा खालचा टोकदार कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिली पाणी लागतं, लॅटरलमध्ये (बाजूने काढलेल्यात) ५० मिलीच्या आसपास असलं तरी मागचा कोपरा भरलेला दिसतो. आयसीयूत झोपवून काढलेल्या फिल्मवर मात्र विश्वास ठेवू नका, पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धुरकटपणा दिसतो, मग न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक चालू राहतात. आणि एक बाजू पूर्ण पांढरी दिसली की श्वासनलिका कुठे सरकलीय ते बघा, भरपूर पाणी असेल तर ती पलीकडे ढकलली जाते, पण ती मधेच असेल किंवा त्याच बाजूला ओढलेली असेल तर आत फुफ्फुस पण हवा जाऊन आकसून बसलंय, कदाचित मोठी नळी गाठीने बंद झालीय असा संशय घ्यायचा.

दोन्ही बाजूंना पाणी, पाय सुजलेले, रात्री उशीशिवाय झोपता येत नाही, असा पेशंट असेल तर सीटी सोडा, सुई पण लगेच नको, आधी टूडी एको (हृदयाची सोनो) करा आणि लघवीच्या गोळ्यांनी उतरतंय का बघा.

आता सोनो. माझं स्पष्ट मत आहे की एक्स-रेनंतर पहिली तपासणी हीच, आणि नवीन मुलं नेमकी हीच टाळतात, कारण सोनो म्हणजे पोटाची असं डोक्यात बसलेलं असतं. पेशंटला स्टुलावर बसवून समोरच्या टेबलावर उशी देऊन पुढे वाकवायचं, प्रोब पाठीवर खालच्या बरगड्यांच्या मधे ठेवायचा, आणि सगळ्यात आधी डायफ्रॅम शोधायचा, श्वासाबरोबर वरखाली होणारी ती जाड पांढरी रेघ, तिच्या खाली उजवीकडे लिव्हर, डावीकडे स्प्लीन. तिच्या वर काळं पाणी आणि त्यात फुफ्फुसाचं टोक माशाच्या शेपटीसारखं हलत असतं, एकदा दिसलं की विसरत नाही. थोडंसं पाणी असलं तरी दिसतं, रेडिएशन नाही, खर्च कमी, आणि आतले पडदे, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे सेप्टा, सीटीपेक्षा सोनोत जास्त स्पष्ट दिसतात. पडदे आणि ताप असतील तर पू झालाय का हे बघायची घाई करायची. टॅप (सुईने पाणी काढणं) पण सोनोत जागा बघूनच करा, सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. (मशीन पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली, रजिस्टर असतं, त्यामुळे कोण वापरू शकतं, ते कुठे नेता येतं, हे आपल्या हॉस्पिटलमध्ये आधी विचारून घ्या.)

सीटीचं मला एका काकांमुळे कळलं. मी रेसिडेंट होते, साठीतले काका, दिघ्याला राहणारे, उजवीकडे भरपूर पाणी. दम लागत होता म्हणून मी टॅप करून जवळजवळ सगळं पाणी काढलं, बरं वाटलं त्यांना, आणि मग दुसऱ्या दिवशी सीटी पाठवला, फॉर्मवर फक्त प्ल्युरल इफ्युजन लिहून. सीटी प्लेन झाला, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (रंगद्रव्य) न देता. रिपोर्टमध्ये थोडं उरलेलं पाणी, आवरण किंचित जाड, बाकी काही नाही. पाण्यातलं एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) कमी होतं, पेशी लिम्फोसाइट होत्या (या पांढऱ्या पेशी टीबीत आणि कॅन्सरमध्ये, दोन्हीत दिसतात), तरी वयाचा विचार न करता टीबी म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली, आणि दीड महिन्याने काका परत आले, पाणी तेवढंच, वजन आणखी कमी. थोरॅकोस्कोपीत (छातीत दुर्बीण घालून बघणं) छातीच्या भिंतीकडच्या आवरणावर साबुदाण्यासारखे दाणे, बायोप्सीत मेसोथेलिओमा, म्हणजे या आवरणाचाच कॅन्सर. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत त्यांनी तरुणपणी अनेक वर्षं बॉयलरच्या पायपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचं काम केलं होतं, हे मी त्यांना पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं. तो रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. त्यांचा तो दीड महिना मी अजून विसरले नाहीये.

म्हणून आता माझा क्रम असा. कारण कळत नाहीये आणि कॅन्सरचा संशय आहे, तर तपासणीपुरतं पाणी काढा, दम लागत असेल तर आराम पडेल इतकं, पण एका वेळी दीड लिटरच्या वर जाऊ नका, आणि सीटी पाणी आत असतानाच करा, कारण पाण्यामुळे आवरणाच्या गाठी उठून दिसतात. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून कॉन्ट्रास्ट द्या, आणि फोटो जरा उशिरा, साधारण ६० ते ९० सेकंदांनी, तेव्हा आवरण नीट रंगतं. आवरण सगळीकडून वेढलेलं, गाठीगाठीचं, एक सेंटिमीटरपेक्षा जाड, किंवा हृदयाच्या बाजूचं आवरण पण जाड झालेलं, यातलं काही दिसलं तर कॅन्सरचा संशय पक्का धरा. पण सीटी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही असं नाही, काकांचं तेच झालं. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळीचा संशय असेल तर मात्र पल्मनरी अँजिओ (त्या रक्तवाहिन्यांचा कॉन्ट्रास्ट सीटी) सांगायचा, त्यात फोटो लवकर काढतात, दोन्हींचं टायमिंग वेगळं, म्हणून आधी ठरवा कुठला प्रश्न जास्त तातडीचा आहे.

पेट सीटीची (ज्यात कॅन्सरच्या गाठी चमकतात) घाई नको, आपल्याकडे टीबी पण त्यात तितकाच चमकतो. सीटीत काही नाही, पाण्याची सायटॉलॉजी (पाण्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ही तपासणी) निगेटिव्ह, आणि पाणी परत भरतंय, तर तिसरा स्कॅन शोधत बसू नका, थोरॅकोस्कोपी करणाऱ्याला फोन करा.

आणि फॉर्म भरताना नुसतं इफ्युजन लिहू नका. मी आता असं लिहिते: वय ६१, उजवीकडे इफ्युजन, एक्झुडेट (जास्त प्रोटीनचं पाणी), एडीए कमी, अ‍ॅस्बेस्टॉसचं काम केलंय, पाणी अजून आत आहे, आवरणाच्या गाठी बघायच्यात, कॉन्ट्रास्ट उशिराच्या फेजमध्ये. एवढं लिहून झालं की रेडिओलॉजीच्या सरांना एक फोन पण करते, दोन मिनिटं लागतात.