राउटर, स्विच आणि सीसीएनए: या चुका तरी टाळा

सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, आणि ती देणारे नेहमी करतात त्या चुका सांगतोय. ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) एकत्र वाहून नेणारी जोडणी. तिथपासून सुरुवात करतो, कारण ही चूक प्रत्येक नव्या बॅचमधला कोणीतरी करतोच.

ट्रंक पोर्टवर व्हीलॅन १०, २० आणि ३० चालू आहेत, आता ४० चढवायचा आहे. पोरगा 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०' मारून मोकळा होतो. मधला 'अ‍ॅड' राहिला. स्विच काही विचारत नाही, कुरकुरत नाही. जुनी यादी पुसून एकटा ४० ठेवतो.

एका ठिकाणी हे पुण्यात बसून साताऱ्याच्या शाखेतल्या स्विचवर झालं. स्विच लांबून हाताळायचा, म्हणजे मॅनेजमेंटचा, व्हीलॅन १० होता, त्यामुळे त्या ओळीसरशी एसएसएच सेशनही, म्हणजे लांबून केलेलं लॉगिनही, गेलं. "सर, स्विच हँग झालाय." हँग कसला! शाखेतल्या शिपाईकाकांना फोन करून स्विच बंद-चालू करायला लावला. एरवी एवढ्यावर भागलं असतं, कारण सेव्ह न केलेला बदल रीस्टार्टमध्ये उडतो. पण या गड्याने सगळ्या कमांड नोटपॅडमध्ये लिहून एकगठ्ठा पेस्ट केल्या होत्या आणि शेवटची ओळ होती 'राइट मेमरी'. सेशन तुटायच्या आत सगळा मजकूर स्विचपर्यंत पोचलेला. म्हणजे चूक रीतसर सेव्ह! शेवटी स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन माणूस साताऱ्याला धाडला, तोवर काउंटरवर 'सिस्टिम बंद आहे'.

लांबच्या डब्याला, म्हणजे राउटरला किंवा स्विचला, हात लावण्याआधी मी 'रीलोड इन १०' देतो. मध्येच संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी डबा आपोआप रीस्टार्ट होतो आणि जुनं कॉन्फिग घेऊन उठतो. सगळं नीट दिसलं की 'रीलोड कॅन्सल', आणि सेव्ह त्यानंतर. बदल करून झाल्यावर रीलोड लावायला गेलात तर तो 'सेव्ह करू का' विचारतो आणि घाईत 'यस' म्हणणारे महाभाग असतात. शिवाय 'राइट मेमरी' पेस्टच्या गठ्ठ्यात कधीच नको. ती हाताने टाइप करायची. टाइप करायचा कंटाळा असेल तर दुसरं काम बघा.

बाकीच्या पटापट. राउटरचा इंटरफेस (पोर्ट) मुळात बंद असतो, चालू करायला 'नो शट' द्या. अ‍ॅक्सेस लिस्टच्या, म्हणजे कोणाला सोडायचं-अडवायचं त्या यादीच्या, शेवटी न दिसणारा 'डिनाय एनी' (बाकी सगळं अडवा) बसलेला असतो. तिथे वाइल्डकार्ड मास्क लागतो, सबनेट मास्कच्या उलटा, ०.०.०.२५५ असा, सबनेट मास्क टाकलात तर राउटर निमूटपणे भलताच अर्थ घेतो. पहिला पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का, ही चाचणी) फुकट गेला म्हणून घाबरू नका, एआरपी, म्हणजे समोरच्याचा हार्डवेअर पत्ता शोधणं, चाललेलं असतं.

ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत. तिचा नेबर (शेजारचा राउटर) उठला नाही की काही जण सगळं पुसून नव्याने लिहितात. अरे, आधी दोन्हीकडचे टायमर बघा. इथरनेटवर हॅलो १० आणि डेड ४० सेकंद. मग एरिया, मग मास्क. गाडी एक्सस्टार्टला, म्हणजे नेबर जुळण्याच्या मधल्या टप्प्याला, अडली असेल तर बहुतेक वेळा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसतो.

आता परीक्षा. २००-३०१ हा सीसीएनएच्या पेपरचा नंबर. त्याच्या डंपची, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांची, पीडीएफ सगळ्यांच्या मोबाइलवर असते. त्यात चुकीची उत्तरं बिनदिक्कत छापलेली असतात, आणि पकडले गेलात तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करू शकते. ते सोडा, मुलाखतीचं काय? "इंटरनेटवरचं ८.८.८.८ पिंग होतंय, पण एकही वेबसाइट उघडत नाही. काय बघशील?" रिझ्युमेवर ठळक अक्षरांत सीसीएनए, आणि उत्तर, "राउटर रीस्टार्ट करीन." डीएनएसचं, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचं, नावसुद्धा तोंडातून निघेना. अशांना मी चहा पाजून परत पाठवतो.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं, हातानेच शिका. पेपर १२० मिनिटांचा, कॅल्क्युलेटर नाही आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. स्लॅश २६ म्हणजे ६४ चा ब्लॉक, वापरायला ६२ पत्ते, हे विचार न करता आलं पाहिजे. मी बसल्या बसल्या मास्कच्या आकड्यांची १२८, १९२, २२४, २४० ही माळ खरडून ठेवायचो, तुम्हीही ठेवा.

पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकली नेटवर्क उभारायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, पण लॅब चालली की लोक फाइल बंद करतात. खरा अभ्यास तिथून पुढे. मित्राला चालू लॅबमध्ये दोन-तीन गोष्टी बिघडवायला सांगा आणि स्वतः शोधा. सगळं कॉन्फिग दाखवणाऱ्या 'शो रन'वर बंदी. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ', 'शो आयपी रूट' आणि 'शो सीडीपी नेबर्स' एवढ्यावरच काम भागवायचं.