दोन दिवसांची स्टेज रेस टीम म्हणून कशी लढवायची

शनिवारी सकाळी रोड रेस, दुपारी टाइम ट्रायल (टीटी, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध), रविवारी क्रिट (छोट्या सर्किटवर बरेच लॅप) नाहीतर चढांचं सर्किट. वीकेंडच्या सायकल स्टेज रेसचा साचा साधारण हाच असतो आणि पहिल्यांदा उतरणारी टीम चूकसुद्धा साधारण एकच करते, शनिवारी सकाळीच पाचही जण जीव तोडून सायकल मारतात, दुपारपर्यंत सगळ्यांचे पाय गेलेले असतात आणि रविवारी लीडरला (टीमने ज्याला जिंकवायचंय त्याला) गरज पडते तेव्हा बाजूला कोणीच उरत नाही. म्हणून आधी हे डोक्यात बसवा की टीमकडे मिळून पाच जणांची ताकद आहे आणि ती दोन दिवस पुरवायचीय. कुणाची कधी खर्च करायची हे ठरवणं म्हणजेच स्टेज रेस.

हिशोब कसा चालतो ते बघा. जीसी म्हणजे सगळ्या स्टेजच्या टाइमची बेरीज, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. बंच (रायडरांचा मोठा घोळका) एकत्र लाइनवर आला तर पहिल्याचा जो टाइम तोच चाळिसाव्याचा, म्हणजे स्प्रिंट न जमणाऱ्या लीडरने शेवटच्या २०० मीटरला कोपरं मारत घुसायची गरजच नाही. पण बंच मध्ये तुटला, कुणीतरी दमून पेडल सोडलं आणि त्याच्या पुढे गॅप पडली की मागच्या सगळ्यांना वेगळा टाइम लागतो. ते सहा-आठ सेकंद त्या क्षणी काहीच वाटत नाहीत. १९८९ च्या टूर द फ्रान्सला तीन आठवडे आणि ३,००० च्या वर किलोमीटर झाल्यावर शेवटच्या दिवसाची फक्त २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल उरली होती, ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता, आणि शेवटी तो लोराँ फिन्योंच्या पुढे ८ सेकंदांनी जिंकला. तीन आठवड्यांत ८ सेकंद निकाल फिरवत असतील तर दोन दिवसांच्या रेसमध्ये काय होईल ते तुम्हीच बघा.

आता तयारी. आधी आयोजकांचं नियमपत्रक पूर्ण वाचा, सगळ्यांनी वाचा, एकाने वाचून बाकीच्यांना सांगितलं असं नको. फिनिशला बोनस सेकंद आहेत का, असले तर पहिल्या तिघांना किती (१०, ६, ४ असं बऱ्याच ठिकाणी असतं), शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडलात किंवा पंक्चर झालं तर ग्रुपचाच टाइम मिळतो तो नियम लागू आहे का, चढावरच्या फिनिशला तो सहसा नसतो, टाइम कट (पहिल्यापेक्षा किती जास्त वेळ लागला की बाहेर) किती टक्के, टीटीला एअरो बार (पुढे वाकून हात टेकायचे दांडे) चालतात का साधी रोड बाइकच लागते, क्रिटमध्ये फ्री लॅप (पंक्चर झालं तर एक लॅप थांबून परत बंचमध्ये घुसायची सोय) आहे का. या प्रत्येक उत्तराने तुमचा प्लॅन बदलतो. आमच्या इथे एकदा एअरो बारवर बंदी आहे हे आम्हाला टीटीच्या अर्धा तास आधी कळलं आणि तो अर्धा तास वॉर्मअपऐवजी ॲलन की शोधण्यात गेला.

लीडर कोण हे शुक्रवारी रात्रीच्या आत तोंडाने, सगळ्यांसमोर ठरवा. लीडर म्हणजे सगळ्यात तगडा चढणारा असंच काही नाही, टीटीमध्ये कमी वेळ घालवणारा आणि बंचमध्ये न घाबरता पुढे राहणारा गडी वीकेंडच्या रेसला जास्त कामाचा. शक्यतो एक दुसरा पण ठरवून ठेवा, पहिला पडला तर काय. स्प्रिंटर असेल तर त्याला स्टेज जिंकायची मोकळीक द्या, त्याने जीसीचं काही बिघडत नाही, उलट दुसऱ्यांचे बोनस सेकंद तो खातो. आणि ज्याला स्वतःचाच रिझल्ट हवाय त्याने ते आधी मोकळेपणाने सांगावं, त्यात वाईट काही नाही, हौशी टीम आहे, सगळ्यांनी स्वतःच्या खिशातून एंट्री भरलीय. पण मनात एक आणि रस्त्यावर दुसरंच असं झालं की टीम तिथेच फुटते, मी फुटताना बघितलीय.

चाकांबद्दल जरा जास्त बोलतो कारण हे कुणी आधी सांगत नाही. रेस होती शनिवारची, फिनिशला १२ किलोमीटर राहिलेले, आमच्या लीडरचं मागचं चाक पंक्चर झालं. मी शेजारीच होतो, दोघं थांबलो, मी माझं चाक काढून त्याला दिलं आणि लावून बघतो तर माझी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) ११ स्पीडची, त्याची १२ ची, चेन दातांवरून उड्या मारतेय, डिस्क पॅडला घासतेय, तो उभा राहून जोर लावायला गेला की खटकन घसरतंय. तसाच गेला बिचारा. दोन मिनिटांच्या वर गेले आणि आमची जीसी त्या रस्त्याकडेलाच संपली. घरी दोघांच्या सायकली महिनाभर एकाच भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कॅसेट मोजायचं आलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही रेसच्या आठवड्यात एक संध्याकाळ फक्त यासाठी ठेवतो. प्रत्येकाचं चाक प्रत्येकाच्या सायकलला लावून बघायचं, गिअर सगळे टाकून बघायचे, डिस्कचा साइज बघायचा, थ्रू ॲक्सल (चाक धरणारा दांडा) कुठल्या कीने उघडतो ते बघायचं, आणि कुणाचं कुणाला चालतं ते कागदावर लिहायचं. ज्याची चाकं लीडरला बसतात तो रायडर रेसमध्ये लीडरच्या जवळच राहणार, हे ठरलेलं. उंची सारखी असेल तर सरळ सायकलच देऊन टाका, फक्त दोघांचे पेडल आणि क्लीट (बुटाखालचा खटका) एकाच जातीचे हवेत. मागचं चाक द्यायची वेळ आली तर थांबायच्या आधीच सगळ्यात छोट्या चकतीवर चेन आणा, निम्मा वेळ तिथे वाचतो. हात वर करून बंचच्या कडेला या, मधोमध ब्रेक मारू नका. आणि लीडरला परत न्यायला दोघंच मागे थांबा, बाकीचे पुढेच राहू देत, सगळी टीम मागे आली आणि तेवढ्यात पुढे अटॅक गेला तर त्यात तुमचा एकही माणूस नसेल.

१९३४ च्या टूरमध्ये २० वर्षांच्या रेने विएतोने स्वतःचं चाक आपला लीडर आंतोनां मान्यला दिलं आणि दुसऱ्या चाकाची वाट बघत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला, तो फोटो आजही लोकांना माहिती आहे. मान्य ती टूर जिंकला. चाक देणाऱ्याला काय वाटतं ते मला त्या फोटोत दिसतं, म्हणून टीममध्ये ज्याने चाक दिलं त्याचं नाव संध्याकाळी जेवताना घ्या, त्याला ते हवं असतं.

बरं, शनिवारची रोड रेस. लीडरला पहिल्या १५-२० मध्ये ठेवा पण सगळ्यात पुढे वाऱ्यात नाही. दुसऱ्याच्या मागे चाक धरून गेलं की साधारण पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते, आणि बंचच्या शेपटीला राहिलात तर वाचलेलं सगळं प्रत्येक वळणावर परत जातं, कारण पुढचे वळणात थोडे हळू होतात, मागचे जवळजवळ थांबतात आणि मग सगळ्यांना स्प्रिंट मारून गॅप भरावी लागते. एका तासात असे ३० स्प्रिंट म्हणजे पायाचं काय होईल. वारा बाजूने असेल तर लगेच टीमला आवाज द्या, तिरकी रांग लागते, रस्ता भरला की उरलेले सगळे कडेला एकामागे एक लटकतात आणि तिथेच बंच तुटतो, त्यामुळे उघडा माळरान येणार असेल तर त्याच्या दोन किलोमीटर आधी पुढे पोचलेलं पाहिजे, नंतर नाही.

कुठल्या ब्रेकच्या (बंच सोडून पुढे पळालेल्या ग्रुपच्या) मागे जायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि याला मी एक सोपा नियम वापरतो: त्यात आपला माणूस आहे का? असेल तर मागे एक पेडलही जास्त मारायचं नाही, दुसऱ्यांना पळू द्या. नसेल तर त्यात जीसीचा कोणी आहे का ते बघा. तसा कोणी नसेल तर जाऊ दे. असेल तर लीडरने स्वतः पाठलाग करायचा नाही, दोन मदतनीसांनी टर्न घ्यायचे, अर्धा अर्धा मिनिट, आणि गॅप हळूहळू खायची. खाणं घड्याळ लावून करा, तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब, पण हे सरावात आधी पोटाला शिकवलेलं असेल तरच, नाहीतर पोट बिघडतं आणि रेस तिथेच जाते. रेसच्या दिवशी नवीन जेल कधीच नको.

फिनिश झालं की गप्पा नंतर. ओला बिब (सायकलिंगची चड्डी) लगेच काढा, कोरडे कपडे घाला, अर्ध्या तासात खायला सुरुवात करा. दुपारी परत रेस असेल तर पहिले काही तास वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ ग्रॅम कार्ब, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅमच्या आसपास, भात, केळी, ब्रेड, जे पोटाला सोसेल ते. पाय वर करून पडा. एकाने फक्त सायकली बघाव्यात: टायरला काच घुसलीय का, चेन पुसून तेल, इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरी. हा एकजण आधीच ठरवा, नाहीतर पाचही जण एकमेकांकडे बघत बसतात.

टाइम ट्रायलला एक गोष्ट मन घट्ट करून करायची: जीसीत नाहीत त्यांनी आरामात चालवायचं. टाइम कटच्या आत, थोडा वेळ हाताशी ठेवून, बस. हौशी लोकांना हे फार जड जातं कारण निकालात नाव खाली दिसतं, घरचे विचारतात, पण रविवारी लीडरसाठी शेवटचे दहा किलोमीटर वाऱ्यात कोण ओढणार? जे शनिवारी दुपारी शांत राहिले तेच. लीडरने मात्र पूर्ण जोर, पहिला तिसरा हिस्सा हात राखून, मधला नियमित, शेवटी उरलंसुरलं सगळं. स्टार्टला पाच मिनिटं आधी रांगेत उभे राहा, तुम्ही असा नसा घड्याळ तुमच्या वेळेला सुरू होतं आणि उशिराचे सेकंद कुणी परत देत नाही. पुढच्याला गाठलं तर लांबून बाजूने निघून जा, त्याच्या चाकामागे बसलात तर पेनल्टी.

शनिवारची रात्र म्हणजे खरी टीम मीटिंग. निकालाचा तक्ता समोर ठेवा आणि वरच्या दहा जणांच्या नावापुढे गॅप लिहा, नंबर पाठ करा. समजा आपला लीडर पाचवा आहे, २२ सेकंद मागे, आणि रविवारी फिनिशला १० बोनस सेकंद. नुसत्या बोनसवर २२ निघणार नाहीत, मग रस्त्यात वेळ काढावा लागेल, म्हणून आपला एक माणूस सुरुवातीच्या ब्रेकमध्ये घाला, जीसीत पहिला असलेल्याच्या टीमला मागे पळायला लावा, ते दमले की चढावर आपल्या लीडरने अटॅक करायचा आणि पुढे गेलेला आपला माणूस थांबून त्याला ओढणार. उलट आपणच पहिले असू तर जीसीत लांब असलेल्या तीन-चार जणांचा ब्रेक खुशाल जाऊ द्या, एक-दोन मिनिटांवर धरून ठेवा, फिनिशचे बोनस ते खातात आणि दुसऱ्या-तिसऱ्याला काहीच मिळत नाही. दोन्ही प्लॅन कागदावर लिहा आणि झोपा, रात्री अकरापर्यंत चर्चा नको. नंबर पण रात्रीच पिन करा, चारही कोपरे आणि मधे, फडफडणारा नंबर वारा खातो आणि कॅमेऱ्यात वाचताही येत नाही.

रविवारी क्रिट असेल तर अर्धी रेस स्टार्ट लाइनवरच ठरते, वॉर्मअप आटपून लवकर पुढच्या रांगेत जाऊन उभे राहा. फ्री लॅप असेल तर स्पेअर चाकं पिटमध्ये, नावाची टेप लावून, आणि शेवटच्या काही लॅपमध्ये तो मिळत नाही हे लक्षात ठेवा. शेवटच्या पाच लॅपमध्ये लीडरच्या पुढे दोघं आणि मागे एक, मागचा कशासाठी, तर पुढच्याने चाक सोडलं आणि गॅप पडतेय असं दिसलं की ओरडून सांगायला, आणि वेळ पडली तर स्वतः ती भरायला. सर्किट चढांचं असेल तर चढाच्या पायथ्याशी पुढे राहा, मग चढताना दहा-पंधरा जागा घसरलात तरी माथ्यावर बंचमध्येच असता.

संपल्यावर लगेच सामान भरू नका. कच्चा निकाल लागतो तेव्हा तुमच्या पाचही जणांचे टाइम स्वतः बेरीज करून बघा, टाइमिंग चिप वाचली गेली नाही किंवा मागच्या ग्रुपमध्ये टाकलं असं होतं, आणि हरकत घ्यायला वेळ फार थोडा असतो, बऱ्याचदा १५ मिनिटंच. सायकल कॉम्प्युटरची फाइल हाताशी ठेवा, कमिसेअरशी (रेसच्या पंचाशी) शांतपणे बोला, एकानेच बोला. मग चिप परत करा आणि स्पेअर चाकं मोजून गाडीत टाका.