प्रवाहातली वीज आणि वरच्या लाटा : अंदाज बांधताना या चुका टाळा

स्कॉटलंडचं उत्तर टोक आणि ऑर्कनी बेटं यांच्यामधली सामुद्रधुनी म्हणजे पेंटलंड फर्थ. तिथं पाणी पश्चिमेकडे ओढू लागलं आणि समोरून अटलांटिकच्या लाटा आल्या, की ‘मेरी मेन ऑफ मे’ नावाचा खवळलेला पट्टा उभा राहतो. याच सामुद्रधुनीत, भरती-ओहोटीच्या प्रवाहातून वीज काढणाऱ्या मेजेन प्रकल्पाची १.५ मेगावॉटची चार टर्बाइनं समुद्रतळावर बसवली आहेत. अशा जागी विजेचा अंदाज काढताना लाटांना ‘वरवरचा गोंगाट’ म्हणून वगळलं, की गणित फसतं.

सगळ्यात जास्त फसवते ती लाटेची लांबी. आठ सेकंदांची लाट (म्हणजे एकामागून एक माथे आठ सेकंदांनी येणारी) स्थिर, खोल पाण्यात साधारण १०० मीटर लांब असते. सेकंदाला २ मीटर वेगाचा प्रवाह तिच्या विरुद्ध असेल तर ती ६४ मीटरवर येते, सोबत असेल तर १३० मीटर होते. आखूड लाट खाली लवकर विरते. २० मीटर खोलीवर विरुद्ध प्रवाहात पृष्ठभागावरच्या हालचालीचा जेमतेम १४ टक्के भाग उरतो, सोबतच्या प्रवाहात ३८ टक्के. म्हणजे भरतीला आणि ओहोटीला एकच आकडा वापरणं चूक. गंमत अशी, की वरून भयानक दिसते ती विरुद्ध प्रवाहातली लाट. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उभ्या राहणाऱ्या लाटा कोकणात कुणाला सांगायला नकोत! पण उंची सारखीच असेल, तर पात्यांपर्यंत जास्त पोचते ती सोबतची.

दुसरी चूक सरासरीची. ऊर्जा वेगाच्या घनावर (वेग × वेग × वेग) चालते. सरासरी वेग २, त्यावर लाटेची ०.५ ची चढउतार, तर घनाची सरासरी ८ नाही, ८.७५ येते. ही ९ टक्के वाढ पदरात पडेलच असं नाही. टर्बाइन पूर्ण क्षमतेवर असेल तर वीज वाढत नाही, पात्यांची झीज मात्र वाढते. उलट चाचणीत निघालेल्या विजेला फक्त ८ धरून काढलेल्या प्रवाहाच्या ऊर्जेनं भागलंत, तर टर्बाइन आहे त्याहून कार्यक्षम दिसेल.

मग ती ०.५ आणायची कुठून? तळावर ठेवलेल्या एडीसीपीच्या (ध्वनिलहरींनी पाण्याच्या थराथरातला वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) तिरक्या किरणांतून थेट नको. किरण २० अंश कललेले असतील, तर यंत्रापासून ३० मीटर उंचीवर समोरासमोरच्या किरणांत सुमारे २२ मीटर अंतर पडतं. एक लाटेच्या माथ्यावर, दुसरा उतारावर. दहा मिनिटांच्या सरासरीला हे चालतं, क्षणाक्षणाच्या वेगाला नाही. त्यासाठी एका बिंदूवर मोजणारं यंत्र टर्बाइनच्या मध्याच्या उंचीवर लावा. एडीसीपीचे पृष्ठभागाजवळचे ६ टक्के थर तसेही खराब येतात; लाटा असतील तर आणखी थोडे गाळा.

आणि महिनाभराच्या नोंदीवर वर्ष उभं करू नका. उधाण-भांगाचं वेळापत्रक त्यातून निघतं, लाटांचं नाही. मोठ्या लाटा तळापर्यंत पोचल्या की तिथलं घर्षण वाढवून प्रवाहच मंदावतात. जूनमध्ये यंत्र टाकलं असेल, तर पेंटलंडसारख्या ठिकाणी जानेवारीत पुन्हा टाका.