भविष्याबद्दलचं विधान इंग्रजीत सांगताना क्रियापद कोणतं घ्यायचं?

मी इंग्रजी अहवाल आणि शोधनिबंधांचं भाषासंपादन करते. नव्याने लिहिणाऱ्यांच्या मजकुरात एक गोष्ट हमखास दिसते. पुढे काय होणार याबद्दल दुसऱ्या कुणाचं म्हणणं सांगायचं असलं, की सगळीकडे 'सेड' नाहीतर 'प्रेडिक्टेड'. व्याकरण चुकत नाही, पण ते म्हणणं कितपत भरवशाचं आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. खरं तर मराठीत हा फरक आपण न अडखळता करतो. हवामान खातं अंदाज वर्तवतं, तज्ज्ञ इशारा देतात, मंत्री ग्वाही देतात, कंपनी दावा करते, ज्योतिषी भाकीत करतो. इंग्रजी क्रियापद शोधण्याआधी हाच कान वापरा: बोलणारा कशाच्या जोरावर बोलतोय?

सिद्धान्त किंवा निरीक्षणांवरून काय घडेल ते ठामपणे सांगितलं असेल, तर 'प्रेडिक्ट'. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १७०५ मध्ये गणित मांडून धूमकेतू १७५८ मध्ये परत येईल असं सांगितलं, तिथे हेच क्रियापद शोभतं. पण 'आजचा कल असाच राहिला तर', 'अमुक गृहीतकं खरी ठरली तर' असा आधार असेल, तर 'प्रोजेक्ट'. जगाची लोकसंख्या २०८०च्या दशकाच्या मध्यास सुमारे १,०३० कोटींचा उच्चांक गाठेल, हे संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये मांडलेलं चित्र असंच आहे. तिथे 'प्रेडिक्ट्स' लिहिलं की त्यातला 'तर' गळून पडतो. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या अहवालांत तर 'प्रोजेक्शन' आणि 'प्रेडिक्शन' मुद्दाम वेगळे ठेवतात. 'लाइकली' हा शब्दही तिथे मोजून येतो: शक्यता ६६ टक्के किंवा त्याहून जास्त. त्याचा सारांश लिहिताना नुसतं 'विल' वापरलं, तर तुम्ही अहवालाच्या तोंडी त्याने न केलेलं विधान घालता. मला सर्वांत जास्त दुरुस्त्या इथेच कराव्या लागतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. हवामान, विक्री, अर्थव्यवस्था यांना 'फोरकास्ट'. त्याचा भूतकाळ 'फोरकास्ट' आणि 'फोरकास्टेड' दोन्ही चालतात, एका लेखात एकच ठेवा. आकडा असेल तर 'एस्टिमेट'. 'वॉर्न' फक्त वाईट घडणार असेल तेव्हा. 'क्लेम'मध्ये लिहिणाऱ्याची शंका डोकावते, त्यामुळे शंकेला कारण असेल तरच वापरा.

'प्रॉमिस' आणि 'प्लेज' यांच्याबाबतीत मात्र मी कडक आहे. मंत्री म्हणाले, 'पुढच्या वर्षी महागाई कमी होईल.' इथे 'प्रॉमिस्ड' लिहिलं तर त्यांनी न दिलेलं वचन त्यांच्या गळ्यात पडतं. ते 'महागाई कमी करू' म्हणाले असते, तर गोष्ट वेगळी.

रचनाही पाहा. 'एक्स्पर्ट्स एक्स्पेक्ट प्राइसेस टू राइज' बरोबर आहे, म्हणून 'एक्स्पर्ट्स प्रेडिक्ट प्राइसेस टू राइज'ही बरोबर असेल असं वाटतं. ते चालत नाही. 'प्रेडिक्ट दॅट प्राइसेस विल राइज' असं लिहा. कर्मणी प्रयोगात मात्र 'प्राइसेस आर प्रेडिक्टेड टू राइज' बिनदिक्कत चालतं.

काळाचा घोळ आपल्याकडे होतो, कारण मराठीत 'भाव वाढतील असं ते म्हणाले' या वाक्यात 'वाढतील' जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की 'विल'चं सहसा 'वुड' होतं. पुढे इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक चिपवरच्या घटकांची संख्या पुढची दहा वर्षं दरवर्षी दुप्पट होत राहील. ती दहा वर्षं केव्हाच सरली, म्हणून 'प्रेडिक्टेड'नंतर 'वुड डबल'च हवं. पण सांगितलेली वेळ अजून यायची असेल, उदाहरणार्थ २१००मधली समुद्रपातळी, तर 'वॉर्न्ड'नंतर 'विल'ही चालतं. त्यातून ते विधान आजही लागू आहे असं कळतं. अशा जागी मी बहुतेक वेळा सरळ 'द रिपोर्ट वॉर्न्स' असा वर्तमानकाळच करून टाकते.

आणि 'इट इज एक्स्पेक्टेड दॅट' दिसलं, की मी समासात लिहिते: अपेक्षा कुणाची? लेखकाकडे नाव असेल तर ते वाक्यात येतं. नसेल तर ते वाक्य काढायला सांगते.